गारांचा दिवस

"साहेब, गारा कोन्या तारखेले पडल्या होत्या?"

रामाजीनं मान वर केली. दारात शेजारच्या रामाकोना गावची केसरबाई उभी होती. तिच्यामागं सकाळचं धुकं अजून झाडांत अडकलेलं होतं. संत्री फुलली होती आणि त्या वासानं रामाजीला गुंगी आल्यासारखं झालं होतं.

सौसरजवळच्या या सरकारी रोपवाटिकेत तो बावीस वर्षं पाऊस मोजत होता. रोज सकाळी मापकातलं पाणी पाहायचं, आकडा वहीत लिहायचा, महिन्याचा कागद सरकारी हिंदीत भरून वर पाठवायचा. वरून कधी एका ओळीचं उत्तर आलं नव्हतं. आपण नसतो तर कोणाचं काय अडलं असतं? आताही तो हेच मनात घोळवत बसला होता. धुकं विरत होतं. आपणही असेच विरत चाललोय, असं त्याला वाटत होतं.

"कोणत्या गारा, बाई?"

"सतरा वर्सं झाली. फागुन होता. त्याच दिवशी माही उषा झाली. मास्तरानं शाळेत जुलै लिहून टाकला. आता नर्सच्या ट्रेनिंगले वय तीन महिने कमी पडून राहिलं. तुम्ही पावसाचं लिहून ठेवता म्हणे."

रामाजी ताडकन उठला. बावीस वर्षांत वहीतलं कोणी काही विचारलं नव्हतं. त्यानं एकाहत्तरची वही काढली, धूळ झटकली, पानं उलटली. फेब्रुवारी. मार्च.

शून्य. शून्य. शून्य. पंधरा दिवस एकाच शाईचे, एकाच बैठकीत लिहिलेले.

त्याला आठवलं. तेव्हा तो पांढुर्ण्याला बहिणीकडे जाऊन राहिला होता. परत आल्यावर त्यानं सगळे रकाने भरून टाकले होते.

"बाई, मी तेव्हा इथं नव्हतो. हे न पाहता लिहिलं."

केसरबाईला वाचता येत नव्हतं. ती त्या पानाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग टाका ना कोनतीबी तारीख. कोन पाहून राहिलं?"

सतरा वर्षांपूर्वी तो स्वतःशी हेच बोलला होता.

त्यानं वही मिटली, चपला घातल्या आणि तिच्यासोबत रामाकोन्याची वाट धरली. दोघांनी घरोघर विचारलं. गारा सगळ्यांना आठवत होत्या, त्याच दिवशी उषा झाली हेही आठवत होतं, तारीख मात्र कोणालाच नाही. दुपार कलल्यावर म्हाताऱ्या गुणवंतानं पेटीतून एक पिवळा कागद काढला. त्याच्या संत्र्याचा सगळा बहार गारांनी झोडपला होता. त्याचा तो पंचनामा होता. गारा पडल्याची तारीख, ३ मार्च १९७१.

केसरबाई ओट्यावरच बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. पुढं त्याच कागदावर उषाला ट्रेनिंग मिळालं. पण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं.

दिवस मावळता रामाजी परत आला. त्यानं तीन मार्चच्या शून्यावर रेघ मारली. शेजारी आजची तारीख घालून सही केली. शेऱ्याचा रकाना वर्षानुवर्षं कोराच होता. सरकारी हिंदी बाजूला ठेवून तिथं त्यानं घरच्या बोलीत लिहिलं, "गारा पडल्या. मी नव्हतो. रामाकोन्यात उषा झाली."