चौदा अंड्यांचा केक

"चौदा अंडी! रेशनच्या दिवसांत या बेटावर चौदा अंडी एकत्र कुणी पाहिली होती का?" पेट्रीना शेजारणीच्या कानात पुटपुटली. पण नव्वदीच्या पेट्रीनाला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिचं पुटपुटणं साऱ्या प्रार्थनाघरानं ऐकलं.

"मावशी, श्श!" टोरब्यॉर्ग म्हणाली. आजचा कार्यक्रम तिचा होता. सकाळी तिनंच लेखिका गुडलाउगच्या घरावर तिच्या आठवणीची पाटी लावून घेतली होती. गुडलाउगची एक बारीकशी कादंबरी छापून आली, ऑस्लोच्या पेपरात तिच्यावर दोन ओळी आल्या, आणि त्रेसष्ट वर्षांपूर्वी ती छातीच्या दुखण्यानं गेली. देश तिला विसरला. बेटाला आठवत होता तो तिचा केक. केक खाल्लेलं माणूस मात्र टोरब्यॉर्गला अजून भेटलं नव्हतं.

केकची कृती टोरब्यॉर्गला स्वतःच्या आईच्या स्वयंपाकाच्या वहीत सापडली. थेट गुडलाउगच्या अक्षरातली. तिनं ती फ्रेम करून सोलवोरच्या हातात दिली.

सोलवोर ही गुडलाउगची मुलगी, दोन बोटी बदलून आलेली. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आईनं दुसरी कादंबरी पुरी केली होती, हे तिला ठाऊक होतं. त्या कादंबरीचं काय झालं तेही. "तुझं करता करता लिहिणं नकोसं झालं तिला, म्हणून तिनं स्वतःच्या हातानं चुलीत घातली," असं वडील सांगायचे. सोलवोरनं कधी मूल होऊ दिलं नाही. का, ते नवऱ्यालाही सांगितलं नाही.

सोलवोरचे वडील, डानिएल, तीस वर्षं या प्रार्थनाघराचे प्रमुख होते. त्यांचा फोटो भिंतीवर होता. पेट्रीना नेहमीसारखी त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"काचेवरून नको. मला कागदाला हात लावायचाय," सोलवोर म्हणाली. तिच्यापाशी आईच्या हातचं एक अक्षर नव्हतं. तिनं फ्रेमच्या मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला, आणि कागद मांडीवर उलटा पडला.

त्या बाजूलाही लिहिलेलं होतं. कोपऱ्यात पानाचा आकडा, १४३.

सोलवोर मोठ्यानं वाचू लागली. "'बाळ रडलंच नाही. तिनं ते होडीघरामागच्या तांबड्या दगडापाशी पुरलं आणि अकरा वाजता प्रार्थनेला येऊन बसली. आम्ही सगळ्या तिच्याकडे न बघता गायलो.'"

टोरब्यॉर्गच्या हातातली कॉफीची किटली टेबलावर आदळली. तांबडा दगड तिच्या माहेरच्या होडीघरामागे होता. आई पोरांना तिथं खेळू देत नसे.

गुडलाउगसोबत शिवायला बसणाऱ्या शिवणमंडळातल्या, पेट्रीना धरून, तीनच म्हाताऱ्या आता उरल्या होत्या. तिघी आपापल्या कपात बघत राहिल्या.

"बाकीची पानं कुठं आहेत?" सोलवोरनं विचारलं.

एकीनं वॉफलवर मुरंबा घेतला आणि बशी बाजूला सारली.

"आमच्या घरात," पेट्रीना म्हणाली. "स्वयंपाकाच्या वह्यांत. शेवटच्या हिवाळ्यात तुझ्या आईनं शिवणाच्या टोपलीतून आणून वाटली. ज्या पानावर जिची गोष्ट, ते पान तिला. ठेवा नाहीतर जाळा, म्हणाली. पानांच्या पाठीवर सगळ्यांना एकच केक लिहून दिला. नवरे ती वही कधी उघडत नाहीत गं."

"मग चुलीत काय घातलं?"

"कोरे कागद. तुझ्या बापासमोर. तोच हटून बसला होता, जाळ म्हणून."

"म्हणजे... माझ्यामुळं नाही?"

"तुझ्यामुळं कशाला, पोरी? तू तर टेबलाखाली दोऱ्याची रिळं घेऊन खेळत होतीस."

सोलवोरनं तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "पण त्यांना ती जाळायलाच का हवी होती?"

"पेट्रीना, राहू दे ना," शेजारीण म्हणाली. "आज पाटी लागलीये."

पेट्रीनानं पिशवीतून घडीवर झिजलेला एक कागद काढला. चौदा अंड्यांच्या केकची बाजू वर होती. तिनं तो उलटा केला आणि सोलवोरपुढं सरकवला.

"सतराव्या वर्षी तुमच्या घरी कामाला होते मी. माझं पान एक्क्याऐंशी. त्यात तुझा बाप आहे."