हंगामी की बारमाही

कालिंदीने दोडक्याची रोपं टोपलीत ठेवली. भरताची वांगी लावावीत की काटेरी, हेही तिने रोपवाटिकेच्या मालकिणीला नीट विचारून घेतलं. तिचा नवरा नरहरी मात्र फुलझाडांपाशीच घुटमळत होता.

मागे एकदा त्यांनी इथे मिहिरचा न धुतलेला शर्ट आणून दिला होता. मुलगा अपघातात गेल्यावर तेवढाच त्याचा वास घरात उरला होता. मालकिणीने त्यावरून आता त्या वासाचं फुलझाड तयार केलं होतं.

मालकिणीने एक फूल पुढे केलं. नरहरीने ते हुंगलं आणि पुन्हा पुन्हा हुंगत राहिला. कालिंदीनेही हुंगलं. हो, मिहिरच. तरी तिला काहीच वाटलं नाही. तो गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"यात दोन वाण आहेत, ताई," मालकीण हळूच म्हणाली. "एक बारमाही फुलतो, दुसरा फक्त कार्तिकात. कोणता देऊ?"

"बारमाही," नरहरी म्हणाला.

"नको," कालिंदी म्हणाली. "रोज वास आला तर नाकाला सवय होईल. मग फूल असेल, पण तो नसेल."

नरहरीने हंगामी रोप उचललं.

कार्तिकातल्या एका सकाळी घरामागच्या परसात पहिलं फूल उमललं. कालिंदी पाठमोरी बसून वांगी तोडत होती. वास आला तशी ती मागे न बघताच म्हणाली, "आलास? हातपाय धू आधी."

मग तिच्या हातातलं वांगं गळून पडलं आणि ती मोठमोठ्याने रडू लागली.