एक जूनची लेकरं

फळ्यावर तिसऱ्या ओळीला जागाच उरली नाही. वर ठळक अक्षरांत 'अहिल्यादेवी जयंती' आली होती, तिच्याखाली 'जागतिक तंबाखूविरोधी दिन'. ज्ञानदेव गुरुजींनी उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ'. तिन्ही गोष्टी एकतीस मेलाच आल्या होत्या. शाळेत गुरुजींइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. त्यामुळे स्वतःचा निरोपही त्यांनाच लिहावा लागला.

पळसदेवच्या शाळेला सुट्टी होती, तरी साठ-सत्तर माणसं जमली. सरपंच आप्पासाहेबांनी तीन कार्यक्रमांना मिळून दोन हार आणले होते. एक तसबिरीला गेला, एक गुरुजींच्या गळ्यात पडला. तंबाखूला काही मिळालं नाही. मग नर्सबाईंनी तंबाखू सोडायची शपथ दिली. सगळ्यांत मोठा आवाज गुरुजींचा होता. त्याआधी त्यांना खिडकीपर्यंत जाऊन तोंड मोकळं करून यावं लागलं, एवढंच.

शेवटी ते भाषणाला उभे राहिले.

"मी काही मोठं काम केलेलं नाही," ते म्हणाले. "एकच विक्रम माझ्या नावावर आहे. निम्म्या गावाचा वाढदिवस मी एका दिवशी आणला. आया पोरं घेऊन यायच्या. जन्म कधीचा विचारलं, की कुणी म्हणायची ज्वारी काढायच्या वक्ताला, कुणी म्हणायची म्हैस व्याली त्याच आठवड्यात. मी लिहायचो, एक जून. माझ्या गुरुजींनी माझंही तेच केलं होतं. म्हणून तर आज घरी निघालोय. आई सांगायची, माझा जन्म दसऱ्याचा. म्हणजे सरकारनं चार महिने आधीच हाकललं मला. पण तक्रार कुणाकडं करू? हाच गुन्हा मी शेकड्यानं केलाय."

मंडप हसला. आप्पासाहेबांनी डोळे पुसले. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं भाषण आजच झालं, असं गुरुजींना वाटलं.

चहा झाला. माणसं पांगली. गुरुजी किल्ल्या जुळवायला ऑफिसात बसले, तेव्हा दारात नकोशी येऊन उभी राहिली. सारजाबाईंची ही चौथी मुलगी. याच शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि गावातच दिली होती. तिनं सहा वर्षांच्या लेकीचा हात धरला होता.

"पोरीचं नाव घालायचं हाय, गुरुजी."

"अगं, जूनमध्ये नवे मुख्याध्यापक येतील. ते घालतील."

"न्हाय. तुमीच घाला. आजच."

गुरुजींनी कपाटातून रजिस्टर काढलं. पेन उघडलं आणि हसत म्हणाले, "तारीख ठरलेलीच. एक जून."

नकोशीनं कमरेच्या पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. "आकरा फेब्रुवारी. दवाखान्यात झाली ही. दाखला हाय."

गुरुजींनी कागद वाचला. तारीख होती, वेळ होती, वजनही होतं. बाळाच्या नावाचा रकाना मोकळा होता.

"आणि नाव?"

"सासूबाई म्हनत्यात, नकोशीच घाल. तिसरी पोरगी हाय माजी."

"आईचंच नाव लेकीला?" गुरुजींना उगीचच हसू आलं. ती हसली नाही.

"माजं नाव घालाया आय आली व्हती, तवा तिला तारीख सांगता आली न्हाय. तुमी मनानं लिवली. मगाशी तुमीच सांगितलं. समदी हसली, मी बी हसले." तिनं पदरानं मान पुसली. "मंग मनात आलं, तारीख मनानं लिवता येत व्हती, तर नाव का न्हाय लिवलं मनानं?"

गुरुजींना तो दिवस आठवला. पोरीला सहा पूर्ण आहेत की नाहीत, यावर ते सारजाबाईंशी चांगली दहा मिनिटं वाद घालत बसले होते. नाव मात्र एका शब्दानं न विचारता लिहून मोकळे झाले होते. पुढं तेच नाव त्यांनी तिच्याकडून पाटीवर महिनाभर गिरवून घेतलं होतं. 'क'ची गाठ नीट काढ, म्हणून एकदा छडीही दिली होती.

"हिची तारीख खरी घाला," नकोशी म्हणाली. "नाव तेवढं मनानं लिवा."

"अहिल्या लिहू का? आज जयंतीच आहे."

बोलता बोलताच गुरुजींना स्वतःची लाज वाटली. समोर लेकरू उभं आणि आपण कॅलेंडर बघतोय.

"तिलाच इचारा की," नकोशी म्हणाली.

मुलगी पेनाकडं बघत टेबलाजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "अंजली. आंगनवाडीच्या बाईंचं हाय."

गुरुजींनी लिहिलं आणि खाली सही केली. "सासूबाईंना काय सांगशील?"

"गुरुजींनी चुकून लिवलं, म्हनीन. तुमी उद्यापासनं घरी. कोन इचाराया येतंय?"

आता दोघंही हसले. "घाल माझ्या नावावर," गुरुजी म्हणाले. "एवढ्या चुकांत ही एक."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. अंजलीनं टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवली.

"गुरुजी, आन् आयला कोंचं?"

"चल गं," नकोशी म्हणाली. पण ती स्वतः जागची हलली नाही.

जुन्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, हे गुरुजींना पाठ होतं. त्यासाठी अर्ज लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, इंदापूरला खेटे घालावे लागतात. उद्यापासून त्यांना दुसरं काही काम नव्हतं. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. वर विषय लिहिला, 'नाव बदलण्याबाबत'. खालच्या ओळीत 'मी' एवढंच लिहिलं आणि पेन नकोशीच्या हातात दिलं.