मृदंगाकडची बाजू

मर्चंट नेव्हीच्या मुलाखतीत कॅप्टनसाहेबांनी आधी पत्ता वाचला. "पाचोड? तिथं शेततळ्याशिवाय पाणी तरी आहे का?" शेजारचे दोघं साहेब हसले. समुद्र राजनंदिनीनं मोबाईलवरच पाहिलेला, पण ही जागा तिला हवीच होती.

"सांगा, जहाजाच्या डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड कशाला म्हणायचं? सरळ डावी-उजवी म्हटलं तर काय बिघडतं?"

"सर, आमच्या गावात कीर्तनकाराच्या डाव्या हाताला मृदंग असतो. समोर बसलेल्यांना तोच उजवीकडं दिसतो. म्हणून आम्ही डावं-उजवं म्हणतच नाय, 'मृदंगाकडची बाजू' म्हणतो. माणूस कुठंबी तोंड करून उभा राहू द्या, ती बाजू बदलत नाय. जहाजाचं पोर्टबी तसंच."

आता कुणी हसलं नाही. कॅप्टनसाहेब खुर्चीत पुढं सरकले. "वा! आणि कीर्तनात तुम्ही कुठं बसता, मृदंगाकडं की पलीकडं?"

"मी बसत नाय, सर. मधोमध उभी राहते. कीर्तन माझंच असतं."

कॅप्टनसाहेब उठले आणि त्यांनी हात जोडले. "निवड झाली, माऊली. आता जहाजावर उभं राहायचं."