सपाट आवाजात

पंखा बंद केल्याबरोबर अमरदीपच्या कपाळावर घाम फुटला. मागच्या खोलीच्या भिंतीवर त्याने निळी चादर खिळ्यांनी ताणून बसवली होती आणि डब्यावर डबा रचून त्यावर मोबाईल उभा केला होता. साडेबारा वाजून गेले होते. दोनच्या आत व्हिडिओ गेला नाही, तर सगळं वर्ष पाण्यात.

‘पहिला टेक’ हा ऑनलाइन गट. सिनेमात शिरू पाहणारी गावोगावची चार हजार पोरं त्यात होती. महिन्याला एक प्रसंग मिळायचा, पोरं तो घरीच चित्रित करून पाठवायची आणि पुण्याच्या मनस्वीताई चुका सांगायच्या. या वेळी मात्र नुसता सराव नव्हता. ज्याचा व्हिडिओ पसंत पडेल त्याला खऱ्या सिनेमात भूमिका मिळणार होती.

बाबांनी त्याला वर्षाची मुदत दिली होती. मुंबईत ज्या कंपनीच्या फाटकावर ते पहारा देत, तिथेच पोरासाठीही जागा बोलून ठेवली होती. मुदत आज, रविवारी संपत होती. काल फोनवर खटका उडाला तेव्हा अमरदीप बोलून गेला होता, “तुमच्यासारखा जन्मभर दुसऱ्याच्या दारावर उभा नाय राहाणार मी.” बाबांनी फोन ठेवला. तेव्हापासून ते वाक्य त्याला टोचत होतं.

पहाटे आईचा फोन वाजला, तेव्हा ती अंगणात जाऊन बराच वेळ उभी होती. बाबाच असणार, आपली गाऱ्हाणी सांगत असणार, असं समजून त्याने डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं. आत येऊन ती एवढंच म्हणाली, “तुझा फोन आज फ्लाइट मोडवर ठेव. सारखा वाजला तर काम कसा व्हायचा तुझा?”

“बाबा अजून चिडलेत?”

“नाय. चिडलेले नायत ते.”

त्याला जरा हायसं वाटलं होतं.

समोरच्या पात्राची वाक्यं कोणीतरी मोबाईलमागे बसून वाचायची आणि ती अगदी सपाट वाचायची, असा गटाचा दंडक होता. वाचणाराच अभिनय करायला लागला, तर बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. पण त्याची आई करुणा कसली सपाट वाचते! वर्षभर या माउलीने लेकाच्या टेकची माती केली होती. पोराने खोटं रडायला घेतलं की ही खरी रडायची. एकदा मारामारीच्या प्रसंगात ती मध्येच “लागला काय रे तुला?” म्हणत धावली होती आणि त्या महिन्याचा व्हिडिओ तसाच गेला होता. मनस्वीताईंनी बजावलं होतं, “दुसरं कोणीतरी शोध.” पण वाडीत दुसरं कोण बसणार? वाडीला हा हिरो म्हणजे फुकटची करमणूक.

आजचा प्रसंग छोटा होता. तुरुंगातून सुटलेला मुलगा घरी येतो. आईच्या वाट्याला चारच वाक्यं.

“कधी आलास?” करुणाने कागदावरून वाचलं.

“आताच,” अमरदीप म्हणाला.

“जेवलास?”

त्याने मान हलवली.

“यायला उशीर केलास. आता घरात कोणी नाही.”

हुंदका नाही, आवंढा नाही. रेशनच्या रांगेतली नावं पुकारावीत तसा आवाज. अमरदीप चकित झाला आणि त्या सपाट आवाजासमोर त्याचंच रडू आतून उसळून आलं. असा टेक त्याला वर्षभरात जमला नव्हता.

“आये, तू शिकलीस गो!”

“अजून एकदा करूया काय?” तिने विचारलं.

आणखी दोनदा केलं. वाडीही आज शहाणी झाली होती. रविवारी कुणाचा ना कुणाचा टीव्ही बोंबलत असायचा, दमयंतीकाकू नळावर कुणाशी तरी भांडत असायच्या. आज चिटपाखरू नव्हतं.

“तू सांगितलंस सगळ्यांना गप ऱ्हावायला?”

“होय.”

“आणि ऐकला त्यांनी?”

“ऐकला.”

अमरदीपचा ऊर भरून आला. आपण उगाच या माणसांना नावं ठेवली, असं त्याला वाटलं.

इतक्यात पुढच्या दारावर हलकी थाप पडली. करुणा बाहेर गेली. “थोडा वेळ थांबा, आजोबा. त्याचा होऊ दे,” ती म्हणाली. काशीराम आजोबा असणार. दर रविवारी त्यांना अमरदीपच्या मोबाईलवर काहीतरी बघून हवं असायचं.

दीड वाजता त्याने फ्लाइट मोड काढला आणि परसाकडच्या खिडकीच्या गजाशी मोबाईल धरला. तिथे थोडी रेंज यायची. व्हिडिओ मुंगीच्या पावलांनी वर चढू लागला. मेसेज मात्र टपाटप पडायला लागले. गटातली पोरं शुभेच्छा देत असतील म्हणून त्याने एकही उघडला नाही. करुणा शेजारी येऊन उभी राहिली होती. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

“गेला?”

“गेला. मिळाला म्हणून मेसेज आलासुद्धा.”

“नीट बघ.”

“गेला गो आये!” तो हसला. “आता बाबांना पण पाठवतो. कालचा सगळा विसरतील ते.”

करुणाने मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला. मग त्याचा हात धरून ती त्याला पुढे घेऊन आली आणि तिने दार उघडलं.

अंगणात अख्खी वाडी बसली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. दमयंतीकाकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. काशीराम आजोबा काठी टेकत उठले.

“करुणा, मुंबईची गाडी सावर्ड्याला पोचली,” ते म्हणाले.

करुणाने मान हलवली आणि लेकाकडे वळून त्याच सपाट आवाजात म्हणाली, “अंघोळ करून घे, बाळा. बाबांना खांदा द्यायचा हाय.”