खडूची रेघ

"ताई, तुम्ही सगळ्या या रेघेच्या आत उभ्या राहा. रस्त्यावर पाऊल पडलं नाही, तर कुणी तुमच्या केसाला धक्का लावणार नाही. शब्द आहे माझा."

ताईच्या हवालदार भावाने सकाळी स्वतः फूटपाथच्या कडेने खडूची रेघ ओढून दिली. ताई आणि तिच्यासोबत कामावरून काढलेल्या नर्सेस हातात फलक धरून, तोंडातून अवाक्षर न काढता रेघेच्या आत उभ्या राहिल्या.

दुपारी पोलिसांच्या लाठ्या आल्या त्या पाठीमागून, हॉस्पिटलच्या फाटकातून. पळायला वाट उरली ती समोरचीच. कुणाचा हात मोडला, कुणाचा जबडा. ताईच्या डोक्यात काठी बसली आणि ती रेघेपलीकडे, भर रस्त्यात तोंडावर आपटली. गाड्या करकचून थांबल्या.

"रस्ता अडवलाय यांनी," साहेब म्हणाले. "घाला सगळ्यांना गाडीत."

"आम्ही आतच होतो, साहेब," ताई कण्हली. "ती रेघ बघा. माझ्या भावानेच ओढलीय."

साहेबांनी हवालदाराकडे नुसतं पाहिलं.

भाऊ धावत आला, तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला आणि त्याने खिशातून रुमाल काढला. ताईने फुटलेलं कपाळ त्याच्यापुढे केलं.

तो रेघ पुसायला लागला.