मेट्रनबाईंचा वॉर्ड

१९६७ साल. रविवारची उपासना संपली की चर्चच्या तरुण संघाची मुलं आजाऱ्यांच्या घरी गाणी म्हणायला जात. त्या रविवारी पाळी इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंच्या घराची होती.

जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू भेटल्या. "जेवण मी वर नेऊन ठेवते," त्या म्हणाल्या, "पण चादर काही बदलू देत नाही. अंगाला हात लावला तर चावायला येते. बघा, तुमच्या गाण्यांनी विरघळते का."

मेट्रनबाई गळ्यापर्यंत चादर ओढून उताण्या पडल्या होत्या. त्यांच्या वॉर्डात कितीही दिवस पडून असलेल्या पेशंटच्या पाठीला कधी जखम झाली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एखाद्या पेशंटची पाठ नुसती लाल दिसली तरी बाई त्या नर्सची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढत. त्या नर्सेस आता मोठ्या हुद्द्यांवर गेल्या होत्या. भेटायला आल्या की बाई त्यांना दारातूनच परत पाठवत.

पाळकांचा थोरला मुलगा संघाचा पुढारी. त्याने गिटारवाल्याला खूण केली. गाणी झाली, प्रार्थना झाली, फळांची पिशवी स्टुलावर ठेवून झाली.

"छान," बाई म्हणाल्या. "निघा आता."

मागे राहिली ती मुकी. ती मुकी नव्हती, बेसूर होती. "तू नुसते ओठ हलव," असं पुढाऱ्याने सांगितल्यापासून तिचं हे नाव पडलं होतं. गायचं काम नसल्यामुळे तिला इकडेतिकडे बघायला वेळ असे. खोलीतला वास तिला दारातच आला होता.

"तू का थांबलीस?"

"बाई, मला शिकवाल? अंथरुणावरच्या माणसाचं अंग कसं पुसायचं ते. आमची आजी पडून आहे. आई म्हणते, मी नुसतं पाणी सांडते."

बाईंनी तिला निरखून बघितलं.

"बादली आण," त्या म्हणाल्या. "पाणी कोपराने बघ. बोटं निबर असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही."

मुकीने पाणी आणलं.

"आधी डोळे. नाकाकडून कानाकडे. दुसऱ्या डोळ्याला फडक्याचं दुसरं टोक. अगं, हळू. डोळा आहे, फरशी नाही."

मग चेहरा, मान, हात. "पुसायचं तेवढंच उघडं कर, बाकीचं झाक. पेशंट म्हणजे दुकानात मांडलेला माल नाही." बाईंचा आवाज चढत गेला. शिवणवाल्या काकूंनी खाली मशीन थांबवून कान दिला. "माझ्या हाताखाली असतीस तर पहिल्याच दिवशी रडली असतीस."

"आत्ताही रडूच येतंय."

"येऊ दे. हात थांबवू नकोस."

पोट झालं. मुकी फडकं पिळून उभी राहिली. "आता पाठ ना?"

"पाठ राहू दे."

"पाठ नाही पुसायची?"

बाईंनी पलंगाची कड धरली आणि स्वतःच हळूहळू भिंतीकडे वळल्या.

मुकीने बघितलं. फडकं तिच्या हातातच राहिलं.

"केवढी आहे?" बाईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

"लहान आहे."

"नीट सांग. वॉर्डात असंच सांगशील?"

"माझा तळहात मावेल एवढी. मध्ये काळी झालीय."

बाईंचे खांदे हलले. आवाज काही आला नाही.

"उद्या डॉक्टरांना घेऊन ये," त्या म्हणाल्या. "ते कुठे बोलायचे नाहीत. पण माझ्या मुलींना कळता कामा नये."

"कुठल्या मुली?"

"नर्सेस गं. एवढ्याशा लाल डागासाठी रडवलंय मी त्यांना."

"नाही कळणार," मुकी म्हणाली.

स्वच्छ चादर घालून ती निघाली, तेव्हा बाईंनी हाक मारली. "तुझी आजी माझ्याच वॉर्डात गेली. मीच तिचे डोळे मिटले. तू गातेस तशीच खोटं बोलतेस, नुसते ओठ हलवून."

मुकीने मान खाली घातली.

"उद्या ये. पायाच्या बोटांमधली जागा राहिलीय."

ती रोज शाळा सुटल्यावर जात राहिली. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता. त्याच महिन्यात बाई गेल्या. शेवटची आंघोळ मुकीने दाराला आतून कडी लावून घातली. काकू दारापर्यंत पाणी आणून देत होत्या. जिन्यात ताटकळलेल्या नर्सेसपैकी एकीलाही तिने आत घेतलं नाही. कारटीला एवढा माज कशाचा, असं त्या आपसांत बोलल्या.

पाळकांचा मुलगा पुढे स्वतः पाळक झाला. सेवेवर बोलताना तो अजूनही त्या दिवशीच्या गाण्यांची आठवण काढतो. गिटारवाला जहाजावर नोकरीला लागला आणि तिकडेच कुठे राहिला. काकू नजर अधू झाल्यावर लेकीकडे गेल्या. डॉक्टर खरंच कुठे बोलले नाहीत आणि तसेच वारले. नर्सेसपैकी आता कुणी उरलेली नाही.

मुकी टपाल कचेरीतून निवृत्त झाली. संघात नवी मुलं आली की ती त्यांना आजाऱ्यांच्या घरी घेऊन जाते आणि गिटार दाराबाहेर ठेवायला लावते. मेट्रनबाईंच्या वॉर्डाबद्दल मुलांनी घरी ऐकलेलं असतं. एखादी धीट पोर विचारतेच, "पण आजी, शेवटी त्या स्वतः एवढ्या पडून होत्या. त्यांच्या पाठीचं काय?"

"नितळ होती," मुकी सांगते. "मी माझ्या हातांनी पुसलीय."